जावरच्या मुशी, दरीब्याची लाकडे

उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, टीडी नदीच्या काठी जावर आहे. तिथल्या जुन्या भिंतींत दगडांच्या जोडीला मातीची नळकांडी रचलेली दिसतात. प्रत्येक नळकांडे वांग्याच्या आकाराचे, एका टोकाला फुगीर, दुसरीकडे निमुळते, आणि बाहेरून काचेसारखी झिलई चढलेले. या जस्त गाळण्याच्या मुशी. भट्टीतून एकदा निघालेली मूस पुन्हा त्या कामाची राहत नसे. मग ती भिंतीत जाई, नाहीतर ढिगावर. गावाभोवती जी टेकाडे दिसतात त्यांतली कित्येक मुळात टेकाडे नव्हेतच, मुशींचे आणि मळीचे लाखो टनांचे ढीग आहेत.

हे पुस्तक जावरचे आणि त्याच्या दोन भावंडांचे आहे: राजसमंद जिल्ह्यातले राजपुरा-दरीबा आणि भीलवाडा जिल्ह्यातले रामपुरा-आगूचा. तिन्ही ठिकाणी आज यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणी आहेत आणि जस्ताच्या व्यापारात त्यांना जगभर ओळखतात. पुस्तकाचा विषय मात्र त्या नव्हेत. त्यांच्या माथ्यावर, शेजारी, काही ठिकाणी थेट त्यांच्या पोटात ज्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी आहेत, त्यांच्याविषयी हे लेखन आहे. चांदी आणि शिशासाठी उघडलेल्या, पुढे जस्तासाठी खणलेल्या, आणि मग ओस पडलेल्या. खाण ओस पडली म्हणजे आतले खनिज संपले, असे आपण सहज धरून चालतो. अरवलीत तसे घडलेले नाही. इथल्या खाणी अनेकदा बंद पडल्या आणि दर वेळी खनिज शिल्लक असतानाच पडल्या. संपले होते ते दुसरेच काही: लाकूड, राजाश्रय, वाटांची सुरक्षितता, किंवा सरळ माणसेच. आणि प्रत्येक पिढीने जे टाकाऊ म्हणून मागे ठेवले, ते पुढच्या कुठल्यातरी पिढीने येऊन उचलले.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली आहे. त्यामुळे असल्या खाणी आपल्या ओळखीच्या नाहीत आणि खडकांपासूनच सुरुवात करणे बरे.

अरवलीच्या जागी पावणेदोन-दोन अब्ज वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या उथळ भागात सूक्ष्मजीवांनी गाळाचे थरावर थर चढवले. उदयपूरजवळ झामरकोटड्याला त्यांचे जीवाश्म, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, आजही उघड्यावर पाहता येतात. जावरचा डोलोमाइट हाही त्याच समुद्राच्या काळातला. या गाळात, आणि उत्तरेकडे दरीबा-आगूच्याच्या थरांत, धातू विरघळलेले गरम खारे पाणी शिरले. गंधकाशी गाठ पडताच त्यातले जस्त, शिसे आणि लोखंड खनिजांच्या रूपाने बसले. जस्ताचे स्फॅलेराइट, शिशाचे गॅलेना, लोखंडाचे पायराइट. पुढे डोंगर उभे राहताना या साऱ्या थरांना घड्या पडल्या, ते दाबले गेले, तापले. जावरला ताप बेताचा होता, दरीब्याला जास्त आणि आगूच्याला इतका की मूळच्या गाळाचा ग्नाइस होऊन बसला.

धातू गाळाबरोबरच समुद्रतळावर साचले की खडक घट्ट झाल्यानंतर भेगांतून शिरले, यावर भूवैज्ञानिकांत जुना वाद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भेगांवाल्यांचा जोर होता. जावरच्या मोचिया टेकडीत खनिज भेगांच्या पट्ट्यांतच भरलेले दिसते, त्यामुळे ते साहजिकही होते. नंतर पारडे गाळवाल्यांकडे झुकले. आज बहुतेकांचे म्हणणे असे की धातू आले गाळाच्या काळातच, पण नंतरच्या दाबाखाली जागा बदलून भेगांत जमले. दोन्ही पक्षांना थोडे थोडे खरे ठरवणारा हा निवाडा मला तरी पटतो.

चांदी या सगळ्यात कुठे असते? मुख्यतः गॅलेनात, डोळ्यांना न दिसेल अशी. दरीब्याला तांबे-अँटिमनीच्या गंधकी खनिजांतही. म्हणजे चांदी हवी असेल तर आधी शिसे काढावे लागते. गॅलेना भाजून, कोळशाबरोबर वितळवून शिसे मिळते. ते उथळ मुशीत हवेच्या झोताखाली लाल होईपर्यंत तापवले की शिशाचे मुरदाडशिंग बनते. ते काही वाहून जाते, काही मुशीच्या मातीत मुरते आणि शेवटी तळाशी चांदीचा एक मणी उरतो. टनभर शिशामागे काहीशे ग्रॅम चांदी मिळाली तरी ही खटपट परवडे. म्हणून जुन्या जगात चांदीची खाण आणि शिशाची खाण ही बहुधा एकच असे.

पण जुन्या खाणकऱ्यांना खरी श्रीमंती खोल दगडात सापडली नाही, माथ्यावर सापडली. पृष्ठभागाजवळ खनिजात हवा-पाणी शिरले की ते, पावसात टाकलेल्या लोखंडी पत्र्यासारखे, गंजते. जस्त पाण्याबरोबर वाहून जाते. लोखंडाचा तांबडा-तपकिरी गंज मागे राहतो. शिसे फारसे हलत नाही, पांढऱ्या कार्बोनेटच्या रूपाने जागीच टिकते. आणि चांदी झिरपत जाऊन भूजलाच्या पातळीजवळ गोळा होते. या गंजलेल्या माथ्याला गॉसन म्हणतात. राजपुरा-दरीब्याचा गॉसन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवला आहे. दुरून पाहणाऱ्याला तो तांबूस, खडबडीत, उजाड कणा वाटेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जाणत्याला तो रंगच बोलावत असणार.

त्या जाणत्याने खणले कसे, हे जावरच्या जावरमाला टेकडीतल्या जुन्या बोगद्यांत दिसते. डोलोमाइट कठीण; नुसत्या छिन्नी-घणाने त्यात महिन्याला किती पुढे जाणार? म्हणून दगडाला टेकून लाकडांची रास रचायची आणि पेटवायची. उष्णतेने खडक पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो, तडकतो. मग तो पहारीने ओढून काढायचा. अशा बोगद्याच्या भिंती छिन्नीच्या खुणांनी भरलेल्या नसतात. त्या गोलसर, गुळगुळीत, वाटीसारख्या खोलगट असतात आणि छतावर काजळी असते. धूर बाहेर जाईपर्यंत कुणाला आत जाता येत नसे, म्हणजे कामाच्या पाळ्या आगीच्या वेळापत्रकावर बांधलेल्या. आत लाकडी आधार, परांच्या, शिड्या. त्यांतली काही लाकडे जागेवरच टिकून राहिली, म्हणूनच आपल्याला काळ कळतो.

दरीब्याला जमिनीखाली शंभर मीटरांहून खोल मिळालेल्या लाकडांच्या रेडिओकार्बन तारखा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात जातात. आगूचा आणि जावर इथल्या काही तारखा त्याच सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. हाच काळ उत्तर भारतात चांदीची आहत नाणी चलनात येण्याचा आणि मौर्य साम्राज्य उभे राहण्याचा. एवढी चांदी आली कुठून? भारतात चांदीच्या खाणी मोजक्याच, त्यामुळे बोट अरवलीकडे वळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवरचा आकराध्यक्ष आहे, चांदी शिशाने शुद्ध करण्याची रीत आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची अशी एक सूचना आहे: मळी, मुशी, कोळसा आणि राख या खुणांवरून पूर्वी चाललेली खाण ओळखावी. म्हणजे ओस खाणी शोधून काढणे हे त्या काळीही सरकारी काम होते! आपण ज्यांना आरंभीचे खाणकरी म्हणतो त्यांनाही त्यांच्याआधीचे कुणीतरी माहीत होते.

या नाण्यांच्या बाबतीत महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४० पासून तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी एकेक करून तोलली आणि हाताळणीने होणारी झीज गणिताने मांडून त्यांचा कालक्रम लावला. नाणे किती हातांतून गेले हे त्यांनी दाखवले. त्याआधी ते कोणत्या डोंगरातून निघाले, या प्रश्नाला आता शिशाच्या समस्थानिकांच्या मोजणीने हात घातला आहे. चांदीत राहून गेलेल्या किंचित शिशावरून खाण ओळखता येते, असे हे तंत्र. मात्र चांदी पुन:पुन्हा वितळवली जाते, निरनिराळ्या खाणींची एकत्र होते, त्यामुळे सरसकट निकाल देता येत नाही. या लेखसंग्रहातही तो कुणी दिलेला नाही.

मध्ययुगाकडे येताना पुरावे दगडावर कोरलेले मिळू लागतात. मेवाडातल्या सामोलीचा शिलादित्याच्या काळचा लेख विक्रम संवत ७०३ चा, म्हणजे इसवी सन ६४६ चा. बाहेरून आलेल्या महाजनांच्या पुढाऱ्याने, जेंतकाने, अरण्यकूपगिरीत खाण सुरू केली आणि ती लोकांच्या उपजीविकेचे साधन झाली, असे तो सांगतो. ही खाण म्हणजे जावरच असे काही अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, महाराणा लाखाच्या काळात, जावरच्या चांदी-शिशाच्या खाणी जोमाने चालू झाल्या. त्या उत्पन्नावर मेवाडचे राज्य सावरले. पंधराव्या शतकात जावर ही भरलेली पेठ होती, जैन मंदिरांची. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने बांधलेल्या मंदिराचा आणि कुंडाचा १४९७ चा लेख तिथे आहे. व्यापारी, राजकन्या, देवस्थाने सगळी शिलालेखांत आली. आगीच्या धुरात उतरणारी माणसे आली नाहीत. टेकड्यांतले भिल्ल आणि मीणा यांच्याशिवाय हे काम झाले असेल, असे मला वाटत नाही. पण त्यांच्या बाजूने बोलणारा एकही दगड नाही.

याच काळात जावरचे रूप पालटले. चांदी-शिसे काढताना जे तपकिरी स्फॅलेराइट खाणकरी बाजूला टाकत, तेच आता हवे झाले. जस्त काढणे अवघड का, हे थोडक्यात सांगायला हवे. त्याच्या खनिजातून धातू सुटायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे साध्या भट्टीत ते धातू म्हणून हाती लागत नाही, वाफ होऊन निसटते आणि हवेत पुन्हा जळून जाते. त्या वाफेला बंद जागेत पकडून थंड करणे, एवढीच युक्ती. तीही युरोपाला अठराव्या शतकापर्यंत साधली नव्हती. विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये तिचे पेटंट १७३८ मध्ये घेतले आणि त्याचीही वाफ जावरसारखी खालच्या दिशेनेच उतरवलेली होती. तो ही कल्पना पूर्वेकडून शिकला का, यावर बरेच लिहिले गेले आहे. कागदोपत्री पुरावा मात्र नाही.

जावरची मूस हातात घेऊन पाहिली तर युक्ती उलगडते. भाजलेले खनिज, डोलोमाइट, मीठ आणि कोळशासारखे पदार्थ यांच्या छोट्या गोळ्या करून फुगीर भागात भरायच्या. निमुळती मातीची नळी तोंडाला लिंपून बसवायची आणि तिच्यात एक काडी खोचायची. मग मूस उलटी करून भट्टीत लावायची, नळी खाली. काडीमुळे गोळ्या सांडत नाहीत. आणि भट्टी तापेपर्यंत काडी जळून जाते, तोवर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, काडीच्या जागी वाफेला वाट उरते. एका भट्टीत अशा छत्तीस मुशी, सहाच्या सहा रांगा. वर आग, मध्ये भोके पाडलेल्या मातीच्या फरश्या, खालच्या थंड कप्प्यात जस्ताचे थेंब. एका क्षुल्लक काडीला इतके नेमके काम देणाऱ्या कारागिराला आपण नावाने ओळखत नाही, याची खंत मला इतर कशाहून अधिक वाटते.

रसशास्त्राच्या ग्रंथांत या प्रक्रियेचे वर्णन आहे. रसरत्नसमुच्चयात रसक नावाच्या खनिजातून जस्त काढताना वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे. हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, टंकणखार अशी सामग्री आहे. ज्वाला निळ्याची पांढरी झाली की काय करायचे तेही आहे. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० मध्ये छापला आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाला अशाच ग्रंथांचा आधार मिळाला. पण ग्रंथातली मूस कोण्या वैद्याच्या घरातली आहे, जावरची कारखान्यातली. दोहोंमधले अंतर किती, आणि कोण कोणाकडून शिकले, हा या क्षेत्रातला अजून न मिटलेला प्रश्न.

ऱ्हासाच्या प्रकरणात मराठी वाचकाला आपलीच माणसे भेटतील. अठराव्या शतकात मेवाड खंडणीखाली दबत गेले. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला आणि तहाच्या रकमेपोटी जावद, जीरण, नीमच हे परगणे गहाण पडले. (नकाशात पाहताना हे माळव्याच्या सीमेवरचे जावद आणि आपले जावर यांची गल्लत होऊ देऊ नये.) होळकर, पेंढारी, घरचे बंडखोर सरदार या सर्वांच्या येण्याजाण्यात व्यापारी वाटा तुटल्या. त्यावर १८१२-१३ चा दुष्काळ आला आणि जावरच्या भट्ट्या विझल्या. मराठ्यांमुळे खाण बंद पडली असे म्हणणे सोपे आणि अर्धवट आहे. शतकानुशतके भट्ट्यांनी खाल्लेले रान, खोल गेलेली कामे, आत साचणारे पाणी हेही त्या खात्यात धरायला हवे. पण आपल्या बखरींत ज्या मोहिमा विजयाच्या म्हणून येतात त्यांचा खर्च दुसऱ्या टोकाला कोणी भरला, याचे एक उत्तर जावरला आहे आणि ते वाचून अस्वस्थ व्हायला हरकत नाही.

त्यानंतर जावर परक्यांच्या नजरेतून दिसते. कर्नल टॉडने १८२९ च्या ग्रंथात मेवाडच्या या खाणींना कथिलाच्या खाणी म्हटले, त्यातून चांदीही निघे असे नोंदवले. कथिल तिथे नाही. ते जस्त होते. कॅप्टन ब्रूकने १८५० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या जस्ताच्या खाणींवर टिपण लिहिले. खरी हालचाल झाली ती दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशातली बॉडविनची शिसे-चांदीची खाण जपान्यांच्या हाती गेल्यावर. बंदुकीच्या गोळीला शिसे हवे होते, म्हणून सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक जुन्या बोगद्यांत उतरले. पुढे खाणी मेटल कॉर्पोरेशनकडे आल्या, आणि १९६६ पासून हिंदुस्तान झिंककडे. नव्या खाणीचे नकाशे काढताना सर्वेक्षकांना वाट दाखवली ती जुन्या खड्ड्यांनी आणि मळीच्या ढिगांनी. आकराध्यक्षाला दिलेली सूचना दोन हजार वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली.

या विषयाचा अभ्यास आजवर वेगवेगळ्या घरांत झाला. भूवैज्ञानिकांनी खनिजाचा उगम पाहिला, जुने बोगदे त्यांना अडथळा किंवा खूण एवढेच होते. रसशास्त्राच्या अभ्यासकांनी पोथ्या पाहिल्या. वीरविनोदकार श्यामलदास आणि गौरीशंकर हिराचंद ओझा यांच्यापासूनच्या इतिहासकारांनी राजवंश पाहिले; खाण त्यांच्याकडे महसुलाची बाब म्हणून येते. नंदिनी सिन्हा कपूर यांनी मेवाडच्या राज्याच्या घडणीत खाणी, व्यापारी आणि टेकड्यांतले लोक यांना एकत्र आणले, हे महत्त्वाचे पाऊल. या घरांच्या भिंती खऱ्या अर्थाने पाडल्या त्या १९८३ च्या सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने, ब्रिटिश म्युझियमने आणि हिंदुस्तान झिंकने मिळून केलेल्या कामाने. के. टी. एम. हेगडे, पॉल क्रॅडॉक, लिन विलीज यांनी भट्ट्या जागेवर, मुशींसकट उघड्या केल्या, आणि त्या मुशींत नेमके काय घडत होते ते प्रयोगशाळेत तपासले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या एएसएम इंटरनॅशनल या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. तेव्हापासून जावरवर लिहिणाऱ्याला अभिमानाचा मोह आवरावा लागतो. 'जगात पहिले' या दोन शब्दांनी इथल्या अनेक लेखांची वाट लावली आहे.

आज हे पुस्तक का? जस्त लोखंडाला गंजापासून वाचवते, चांदी सौर पॅनेलात जाते. दोहोंची मागणी वाढती आहे आणि भारताची चांदी प्रामुख्याने याच पट्ट्यातून निघते. नवी खाण जुनीला गिळते, त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. खनिज तिथेच असते. आगूच्याच्या उघड्या खड्ड्यात जुनी कामे गेलीच. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पण मसुद्याने ढिगारे वाचत नाहीत. शिवाय ढिगाऱ्यांची दुसरी बाजू आहे: त्यांत शिसे आहे, ते माती-पाण्यात उतरू शकते. वारसा म्हणून जपायचे आणि विष म्हणून सांभाळायचे, अशी दुहेरी जबाबदारी या जागांवर आहे. जतनाची भाषा करणारे ही बाब बहुधा टाळतात.

संग्रहातल्या लेखकांना मी एकच अट घातली होती. आपल्या घराबाहेरच्या वाचकासाठी लिहायचे; भूवैज्ञानिकाने इतिहासकाराला समजेल असे, आणि उलट. ती सगळीकडे सारखी पाळली गेली नाही. खनिजांच्या समस्थानिकांवरचा लेख जड आहे. तो कापला असता तर पुढच्या नाण्यांच्या लेखाचा पायाच गेला असता, म्हणून राहू दिला. तक्षशिलेत मिळालेले, चौतीस टक्के जस्त असलेले पितळी भांडे खरोखर धातुरूप जस्ताच्या वापराचा पुरावा आहे का, यावर दोन लेखकांची मते उघड विरोधी आहेत. त्यांना जुळवून घ्यायला मी सांगितलेले नाही. बिदरच्या जस्ताच्या भांड्यांवर, म्हणजे बिदरीवर, एक छोटे टिपण शेवटी दिले आहे. तिथे वापरलेले जस्त जावरचे होते असा दावा त्यात नाही, दख्खनमध्ये या धातूचे काय झाले एवढेच पाहिले आहे.

स्थलनामे स्थानिक उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, त्यामुळे 'झावर' अशी नोंद वाचायची सवय असलेल्यांना थोडे अडखळायला होईल. खडकांची सवय नसलेल्यांनी पहिला भाग सोडून भट्ट्यांवरच्या लेखापासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र गॉसनचा नकाशा जवळ उघडा ठेवावा, पुढे त्याच्याकडे वारंवार वळावे लागते.